डावीकडच्या खापऱ्या

पहिली बशी दुपारच्या कॉफीआधीच फुटली. शेजारच्या ग्रोटबाईंना कुठल्याच लग्नात दम धरवत नसे. त्यांनी ती कुंपणावरूनच अंगणात भिरकावली, "सुखानं नांदा रे" असं ओरडल्या आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं आपल्या गुलाबांना पाणी घालायला निघून गेल्या. रोस्विथा स्वयंपाकघरात बटाट्याच्या सॅलडमध्ये लोणच्यातली काकडी चिरून घालत होती. तिनं खिडकीतून ते पाहिलं आणि तिला हसू आलं.

लग्न उद्याचं होतं, रोस्विथाच्या मुलाचं, हायकोचं, सिल्केशी. आजची संध्याकाळ फोडाफोडीची; आदल्या दिवशी भांडी फुटली की संसार सुखाचा होतो, अशी तिथली रीत. अर्ध्या विस्मार गावानं जपून ठेवलेले कानतुटके कप, तडकलेली तसराळी, बिनबुडाच्या कुंड्या आज तिच्या अंगणात येऊन फुटणार होत्या, आणि नवरानवरीनं जोडीनं झाडू घेऊन ते सगळं झाडून काढायचं होतं. काच तेवढी फोडायची नाही, काच फुटली की अपशकुन. बाकी चिनी मातीचं काहीही चालतं.

काहीही चालतं म्हटल्यावर लोथारला कोण अडवणार? तिचा हा धाकटा दीर हॅम्बुर्गहून आला तोच गाडीच्या टपावर अख्खं कमोड बांधून. दोन माणसांनी ते खाली उतरवलं आणि अंगणाच्या मधोमध मांडलं. लोथारनं रोस्विथाला मिठी मारली आणि वर शपथेवर सांगितलं की माल नवाकोरा आहे, सगळ्यात शेवटी फोडायचा आहे, तोवर कुणी त्याचा भलता उपयोग करू नये.

एकहार्ट, म्हणजे रोस्विथाचा नवरा, बिअरच्या पिंपाला नळ बसवत होता. त्यानं कमोडकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि पुन्हा नळाकडे पाहिलं.

"त्याला विचार, बिअर घेणार का," तो बायकोला म्हणाला. लोथार चार पावलांवर उभा होता.

"त्याला सांग, घेईन," लोथार म्हणाला.

"मी काय टपालखात्यात कामाला आहे का?" रोस्विथा म्हणाली. तिनं एक पेला भरून दिराच्या हातात दिला आणि दुसरा नवऱ्याच्या. सात वर्षं दोघा भावांचं बोलणं बंद होतं. आज दोघे एका अंगणात उभे होते तेही हायकोनं हट्ट धरला म्हणून. बाबा आणि काका दोघे नसतील तर मी बोहल्यावर चढणारच नाही, असं त्यानं दोघांनाही कळवलं होतं.

भांडणाचं मूळही हायकोच होता. एकहार्ट गोदीत वेल्डर होता आणि संध्याकाळी गोदीच्याच क्लबात पोरांना बॉक्सिंग शिकवायचा. स्वतःच्या पोराला त्यानं तिथंच लहानाचं मोठं केलं. हायको अंगानं वाढत गेला, हेवीवेट झाला, आणि क्लबची निळी बनियन घालून सगळ्या देशाचा अजिंक्यवीर झाला. तेव्हा तो देश वेगळा होता, भिंतीअलीकडचा, समाजवादी. पैशासाठी लढणं म्हणजे तिथं शिवीच. मग भिंत पडली, गोदीनं क्लब बंद केला, आणि आधीच पलीकडे जाऊन बसलेला लोथार एक दिवस गाडी घेऊन आला आणि हायकोला हॅम्बुर्गला घेऊन गेला. हायको व्यावसायिक झाला, त्याच्या लढती लोथार ठरवू लागला. बनियन गेली, पोस्टरं आली, टीव्ही आला. "माझं पोर नेऊन बाजारात उभं केलंस," एवढं एकच वाक्य एकहार्ट भावाला बोलला होता, ते शेवटचं. पोराशी तो बोलायचा, पण नाताळात, तेही हवापाण्याचं.

आणि या वसंतात हायको अचानक घरी आला. सप्टेंबरात जागतिक अजिंक्यपदाच्या पट्ट्यासाठी लढत ठरली होती. तो बापासमोर उभा राहिला आणि म्हणाला, बाबा, मला तुम्हीच शिकवा, रिंगमध्ये माझ्या कोपऱ्यात तुम्ही उभे राहा. एकहार्ट वळला आणि बागेतल्या खोपटात गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, आणि रंगाच्या डब्यांचा वास फार उग्र आहे असं त्यानं सांगितलं. तेव्हापासून बापलेक रोज शाळेच्या व्यायामशाळेत घाम गाळत होते. एकहार्ट सकाळी दाढी करताना शीळ घालायला लागला होता. रोस्विथानं ती शीळ शेवटची ऐकली होती तेव्हा हायको शाळेत जात होता.

रोस्विथानं स्वतः मात्र पोराची एकही लढत पाहिली नव्हती. टीव्हीवर सामना लागला की ती तळघरात जाऊन इस्त्री करत बसायची, इस्त्री केलेल्या चादरींना पुन्हा इस्त्री. आणि बॉक्सिंगबद्दल ती चकार शब्द बोलत नसे, बरा नाही की वाईट नाही. लोक म्हणायचे, आईचं काळीज. तेवढंच नव्हतं. सेऊलच्या ऑलिम्पिकच्या वर्षी तिची बहीण हिल्ट्रूड ल्युबेकला वारली. ल्युबेक म्हणजे गाडीनं तासाभराची वाट, पण सीमेपलीकडची. रोस्विथानं परवानगी मागितली, मिळाली, आणि ती बहिणीला माती देऊन आली. त्याच उन्हाळ्यात सेऊलला जाणाऱ्यांतून हायकोचं नाव गळलं. पाठीचं दुखणं, असं वर्तमानपत्रात आलं. हायकोची पाठ बैलासारखी होती. ज्यांची माणसं पलीकडे आहेत आणि ज्यांच्या आया तिकडे जाऊन येतात, त्या पोरांना एवढ्या लांब पाठवायला साहेब लोक धजत नाहीत, असं कुणीतरी एकहार्टच्या कानात सांगितलं. एकहार्ट तिला एका शब्दानं बोलला नाही. हायकोही बोलला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मी एकदा तोंड उघडलं आणि पोराच्या ताटातलं काढून घेतलं, हे तिच्या मनात जे बसलं ते बसलंच, आणि तिनं त्या विषयापुरतं तोंड शिवून टाकलं.

पाच वाजता पाहुणे आले आणि अंगणात नुसता धडाका उडाला. गोदीतले जुने गडी होते, क्लबातली आता टकलं पडलेली पोरं होती, सिल्केच्या पोहण्याच्या तलावावरच्या बायका होत्या. बशा फुटत होत्या, कुंड्या फुटत होत्या, एकानं तर शाळेतून काढलेलं हात धुण्याचं बेसिन आणून आपटलं. हायको आणि सिल्के झाडत होती, घमेल्यात भरत होती, आणि हातगाडी भरली की कुणीतरी टवाळखोर ती पुन्हा अंगणात उपडी करत होता. तशी रीतच आहे. ऊन अजून लख्ख होतं, समुद्राकडून वारा येत होता, सॉसेज भाजल्याचा वास सुटला होता, आणि रोस्विथा पायरीवर उभी राहून डोळे भरून पाहत होती.

सिल्के तिला पहिल्या दिवसापासून आवडली होती. बोलायला फटकळ, मनानं लोणी. आज ती हायकोला अगदी चिकटून होती, सारखी त्याच्या डाव्या अंगाला. तो वळला की ही वळायची, तो पुढे गेला की ही पुढे. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. ग्रोटबाई म्हणाल्या, चार वर्षं एकत्र राहूनही अजून अशी ओढ, आमच्या घरी तर लग्नाच्या केकाबरोबरच संपली.

मग फुलवाल्याचा फोन आला आणि सिल्केला आत जावं लागलं. हायको एकटाच झाडत राहिला. एकतीस वर्षांचा, दाराएवढा रुंद गडी, नाक दोनदा मोडलेलं, आणि त्या फावड्याएवढ्या हातांत झाडू काडीसारखा दिसत होता. थोड्या वेळानं त्यानं झाडू खांद्यावर घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "झालं. एक कपची शोधून दाखवा, उरलेली बिअर माझ्याकडून."

सगळ्यांचे डोळे फरशीकडे वळले आणि हशा पिकला. त्याच्या उजवीकडचे फरशीचे काळे दगड चाटून पुसून लख्ख होते. डावीकडे, त्याच्या पायापासून थेट कुंपणापर्यंत, पांढऱ्या खापऱ्यांचा विळ्यासारखा पट्टा तसाच पडला होता, उन्हात चमकत. आंधळ्यालाही पायाला टोचला असता.

"जगज्जेत्याला झाडता येईना," लोथार ओरडला. "सिल्के, अजून वेळ गेलेली नाही गं."

एकहार्टलाही राहवलं नाही. "बघा, डावीकडे आळस," तो गोदीतल्या मित्रांना म्हणाला. "रिंगमध्येही तेच. उन्हाळाभर ओरडून माझा घसा बसला, डावा हात वर, डावा हात वर. पण नाही. त्या पैशाच्या बॉक्सिंगनं लावलेली खोड आहे ही, सहजासहजी जायची नाही."

हायकोही हसला, पण सगळ्यांच्या नंतर. आधी त्यानं डावीकडे पाहिलं. नुसते डोळे नाही फिरवले, अख्खी मान फिरवली, झापडं लावलेला घोडा फिरवतो तशी. खापऱ्या पाहिल्या आणि मग हसला. त्या मधल्या एका क्षणात त्याच्या चेहऱ्यावर जी भीती येऊन गेली ती बाकी कुणाला दिसली नाही. रोस्विथाला दिसली. लहानपणी गोदीच्या धक्क्यावरून पाण्यात पडला होता तेव्हा वर काढल्यावर हाच चेहरा होता.

सकाळी त्यानं तिच्यासाठी कॉफी ओतली होती ती कपाच्या कडेवरून टेबलावर गेली होती. काल स्वयंपाकघराच्या दाराला त्याचा डावा खांदा आपटला होता. त्याच दारातून तो लहानपणी रांगत आत यायचा. तिला वाटलं होतं, लग्नाची गडबड, दुसरं काय.

ती अंगणात उतरली. त्याच्या गालावर चिनी मातीची धूळ बसली होती. ती त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिनं हात वर केला. सावकाश केला, त्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर. हायको समोर पाहत होता, मित्राच्या कुठल्याशा थट्टेवर मान डोलवत होता. विजेसारखे ठोसे चुकवून त्यानं नाव कमावलं होतं. आईचा हात गालाला लागला तेव्हा तो दचकून दोन पावलं मागे सरला.

"धूळ होती," रोस्विथा म्हणाली.

"घाबरवलंस ना मला," तो म्हणाला आणि पुन्हा हसला. ती हसली नाही. घरात गेली, फोन खाली ठेवणाऱ्या सिल्केचा हात धरला आणि तिला तळघरात, इस्त्रीच्या टेबलापाशी घेऊन गेली.

"डावा डोळा कधीपासून?" तिनं विचारलं.

सिल्केनं आधी काही नाही म्हणून पाहिलं. मग टेबलाला टेकली आणि रडू लागली, आवाज न करता, खांदे हलवत. मार्चमधल्या लढतीपासून, ती म्हणाली. हायको जिंकला होता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला की डोळ्यावर एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं झालंय. कीलच्या एका डॉक्टरांना दाखवलं, गुपचूप, काकांनासुद्धा न सांगता. डोळ्याच्या आतलं पटल सुटलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण गेलं ते पुरतं परत आलं नाही, समोरचं धूसर दिसतं आणि डावीकडचं काहीच नाही. डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, आता एक ठोसा बसला तर हा डोळा गेलाच समजा, आणि दुसऱ्याचीही खात्री देता येत नाही. लढतीआधीच्या तपासणीत अक्षरांचा तक्ता असतो, तो हायकोनं पाठ करून ठेवला होता.

"माझ्याकडून शपथ घेतली त्यांनी," सिल्के म्हणाली. "सप्टेंबर होऊ दे, मग मी हातात ग्लोव्हज घालणार नाही म्हणाले. मी काय करू आई? मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहते. तेवढंच येतं मला. पण रिंगमध्ये मी कशी उभी राहणार?"

रोस्विथानं तिला जवळ घेतलं. पोरीच्या केसांत फुलवाल्याला द्यायच्या उत्तरासाठी खोचलेली पेन्सिल होती, ती काढून बाजूला ठेवली. तू तुझं काम केलंस, आता डोळे पूस, ती म्हणाली. शपथ तू घेतली आहेस, मी नाही.

बोलायला सोपं होतं. वर जाताना ती जिन्यात अर्ध्यावर थांबली. एकदा तिच्यामुळे सेऊल गेलं. आता तिनंच हात घालून पट्टाही काढून घ्यायचा? आणि पट्ट्याबरोबर एकहार्टची ती शीळ? पण डोळे? पोराचे डोळे तिनं केले होते, एकहार्टनं नाही, लोथारनं नाही.

पहिली लढाई लोथारशी होणार हे ती धरून चालली होती. पुतण्याच्या ठोशांवर ज्याचं घर चालतं, तो काय ऐकणार? तिनं त्याला बाजूला बोलावलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, वर चार कडक शब्द तयार ठेवले. लोथारनं ते वापरायची वेळच आणली नाही. तो मागे सरकत गेला आणि आपल्याच कमोडवर मटकन बसला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिला हसू आलं असतं.

"लढत होणार नाही," तो म्हणाला. "सोमवारी सकाळी मी हॅम्बुर्गला फोन करतो. संपलं."

"आणि तुझं काय?"

"माझं काय व्हायचंय वहिनी. लोक म्हणतात, लोथार पुतण्याच्या जिवावर जगतो. जगतोच. पण जत्रेत याला खांद्यावर घेऊन मीच फिरायचो ना? माझ्या डोक्यावर आइस्क्रीम सांडायचा." त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "पण दादाला कोण सांगणार? पट्टा माझा नाही गं, तो दादाचा आहे. उन्हाळाभर माणूस विशीतला झालाय."

ते तिलाही माहीत होतं. एकहार्ट बैठकीच्या खोलीत दारूच्या बाटल्या काढायला गेला होता, ती तिथं गेली आणि दार लावून घेतलं. भिंतीला ते काचेचं कपाट होतं. जुन्या देशात खेळाडूंना बक्षीस म्हणून चिनी मातीची भांडी द्यायचे, त्यामुळे हायकोचं सगळं हौशी आयुष्य त्या कपाटात बशा आणि फुलदाण्यांच्या रूपानं मांडलेलं होतं. मधोमध निळ्यापांढऱ्या रंगाची मोठी फुलदाणी, शेवटच्या हेवीवेट अजिंक्यपदाची. दर रविवारी एकहार्ट ती स्वतः पुसायचा. घरात दुसऱ्या कुणाला तिला हात लावायची मुभा नव्हती.

तिनं सांगितलं. तो बाटली हातात धरून ऐकत राहिला. मग बोलायला लागला, आणि थांबेना. डॉक्टर लोक घाबरटच असतात म्हणाला. कितीतरी जण एका डोळ्यावर लढले म्हणाला. मी कोपऱ्यात असेन, जरा काही दिसलं की लढत थांबवेन म्हणाला. आणि मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "एकच लढत, रोस्विथा. एकच." बत्तीस वर्षांच्या संसारात त्यानं तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. तिला त्याची इतकी दया आली की क्षणभर तिला वाटलं, द्यावं झालं.

"उन्हाळाभर तू त्याला काय सांगत होतास?" तिनं हळूच विचारलं.

"काय म्हणजे? डावा हात वर ठेव."

"का सांगत होतास?"

"कारण डावीकडून येणारा प्रत्येक ठोसा तो..." एकहार्ट थांबला. बाटली त्यानं टेबलावर ठेवली. उभ्या उभ्याच त्याचा चेहरा म्हातारा होत गेला. "त्याला ते दिसतच नव्हते," तो म्हणाला.

तिनं त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"मी त्याला आळशी म्हटलं. शाळेतल्या पोरांसमोर म्हटलं. पैशानं माजलास म्हटलं. आणि तो आपला हो बाबा, हो बाबा, परत वर ठेवतो बाबा." तो खुर्चीत बसला. तिनं त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि तो रडला, आणि या वेळी रंगाच्या डब्यांचं नाव घ्यायच्या भानगडीत पडला नाही. पण लढतीचं काय, हेही तो बोलला नाही. तिनं विचारलंही नाही. जायचं होतं ते हायकोकडेच.

हायको खोपटामागे हातगाडी रिकामी करत होता. ती त्याच्या उजवीकडे जाऊन उभी राहिली, त्याला दिसेल अशी. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. पोरांना कळतंच.

"सिल्केनं सांगितलं?"

"तिच्या आधी खापऱ्यांनी सांगितलं. हायको, तू सप्टेंबरात लढायचं नाहीस."

त्यानं हातगाडीचे दांडे सोडले. जन्मात पहिल्यांदा ती त्याच्याशी बॉक्सिंगबद्दल बोलत होती. "दुसऱ्यांदा, आई?" तो म्हणाला.

सुरी लागावी तसं तिला लागलं. पण ती हलली नाही. "हो, दुसऱ्यांदा," ती म्हणाली. "पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं. या वेळी माहीत असून करते आहे. रागाव माझ्यावर. उद्यापासून बोलू नकोस, नातवंडं दाखवू नकोस. रागानं बघ माझ्याकडे. पण बघ. तुला बघता आलं पाहिजे, एवढंच मला हवंय."

पलीकडे कुणाचीतरी कुंडी फुटली आणि लोक हसले.

"मला तसं म्हणायचं नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "मावशीला माती द्यायला तू गेलीस ते बरोबरच केलंस. मला तेव्हाही तसंच वाटलं होतं. तुला कुणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार? तू बोललास का कधी?"

"मला वाटलं तुला माहीत असेल." त्यानं खाली पाहिलं. "पट्ट्याचं मला एवढं नाही गं. पण बाबा सात वर्षांनी माझ्याशी बोलायला लागलेत. रोज सकाळी माझी वाट बघत उभे असतात. लढत नाही म्हटली की काय उरलं? परत नाताळाला हवापाणी."

ती काही सांगणार तेवढ्यात अंगणातला गलका एकदम थांबला. दोघं खोपटामागून पुढे आली. घराच्या पायऱ्यांवरून एकहार्ट उतरत होता. त्याच्या हातात ती निळीपांढरी फुलदाणी होती. क्लबातल्या जुन्या पोरांनी ती ओळखली आणि आपापले पेले खाली ठेवले. एकहार्ट कुणाकडे न बघता सरळ हायकोपर्यंत आला, त्याच्या समोर, अगदी नाकासमोर उभा राहिला.

"डॉक्टरांकडे मी येणार बरोबर," तो म्हणाला. "आणि रोज सकाळी सहाला मी उठणारच आहे. सवय लागलीय. तुमच्या घराचं कुंपण मोडलंय, ते बघू आधी. काय?"

"हो बाबा," हायको म्हणाला.

"मी तुला आळशी म्हटलं."

"असू दे, बाबा."

"असू कसं दे," एकहार्ट म्हणाला आणि फुलदाणी त्याच्या हातात कोंबली. "फोड आता."

हायकोनं ती दोन्ही हातांत धरली. ओठ घट्ट मिटून तो तिच्याकडे पाहत राहिला, क्लबचं चिन्ह, साल, हेवीवेट हा शब्द. मग मान वळवून त्यानं आई कुठे आहे ते शोधलं, आणि फुलदाणी तिच्यापुढे धरली.

"तू फोड," तो म्हणाला. "तू एकही लढत पाहिली नाहीस. ही तरी बघ."

रोस्विथानं ती घेतली. वाटलं होतं त्यापेक्षा जड होती. तिनं डोळे मिटले, मग वाटलं नाही, बघायचं म्हणालाय, म्हणून उघडले, आणि फुलदाणी दगडांवर फेकली. ती फुटली नाही. टणकन उडाली, गडगडत गेली आणि लोथारच्या कमोडला जाऊन टेकली, साधा टवकाही न उडता. जुन्या देशाचा माल आहे, असा कसा फुटेल, असं गोदीतलं कुणीतरी पुटपुटलं, आणि दाबून धरलेलं हसू सगळ्या अंगणात पसरलं. एकहार्टही हसला, डोळे ओले असताना. मग त्यानं भावाकडे पाहिलं.

"लोथार," तो म्हणाला, "उचलून दे रे ती."

लोथार जागेवरच उभा राहिला, आपल्यालाच म्हणाला का असं बघत. सात वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्या तोंडून आलं होतं. मग त्यानं वाकून फुलदाणी उचलली, बाहीनं पुसली आणि म्हणाला, "घे दादा." एकहार्टनं ती घेतली आणि बायकोच्या हातात दिली.

या वेळी रोस्विथानं हात आखडला नाही. अंगात होतं नव्हतं ते सगळं लावून आपटली, आणि तिचे शंभर तुकडे झाले. टाळ्या वाजल्या, ग्रोटबाई हुंदके देऊन रडल्या, का रडतो ते त्यांना माहीत नव्हतं तरी. सिल्केनं डोळे पुसले, झाडू आणला आणि सवयीनं नवऱ्याच्या डाव्या बाजूला जाऊ लागली. रोस्विथानं तिला हातानं थांबवलं आणि स्वतः तिथं जाऊन उभी राहिली.

हायको झाडू लागला. निळेपांढरे तुकडे गोळा होत गेले. थोड्या वेळानं तो थांबला.

"झालं का गं आई?" त्यानं सगळ्यांसमोर विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "डावीकडे आहेत अजून."

त्यानं सावकाश अख्खी मान वळवली, कुणापासून काही न लपवता, आणि उरलेल्या खापऱ्या झाडायला घेतल्या.